पाव गोळीचा अडकित्ता

मी अडकित्ता बोलतोय. हसू नका. तोंड मलाही आहे, आणि ते तुमच्यापेक्षा धारदार आहे. फक्त आजवर ते दुसऱ्याच्या हातानं उघडलं, दुसऱ्याच्या हातानं मिटलं, म्हणून बोलायचं राहून गेलं. आज बोलतो, कारण माझ्या पोटात एक गोष्ट फार दिवस सलते आहे.

चिखलीच्या आठवडी बाजाराबाहेर गाडी-लोहाराच्या पालापुढं माझा जन्म झाला. ट्रकच्या मोडक्या पाट्याचं लोखंड, त्यामुळं हाडाचा मी चिवट. लोहारणीनं घण घातला, लोहारानं वळवलं, पाण्यात बुडवून चर्रकन थंड केलं आणि फडक्यावर मांडून टाकलं. शेजारी पितळी मोरांचे अडकित्ते होते. गिऱ्हाइकं त्यांनाच हात लावायची, आणि माझा अस्सा जळफळाट व्हायचा म्हणून सांगू! मग तानाबाई आली. तिनं मोरांकडं पाहिलंसुद्धा नाही. मला उचललं, दोनदा कट-कट वाजवलं आणि म्हणाली, "हा बरा हाये. नखरे नाई याले."

त्या दिवसापासून मी तिच्या चंचीत राहायला गेलो. चंची म्हणजे पान-सुपारीची कापडी पिशवी. तिला चार कप्पे. एकात पानं, एकात सुपारी आणि खोबऱ्याचा तुकडा, एकात चुन्याची डबी, आणि चौथ्यात मी. ही चंची तानाबाईच्या कमरेला कायम खोचलेली. त्यामुळं डोणगावात तिच्या घरी काय चाललंय, ती कुणाशी भांडली, कुणासाठी रडली, सगळं मला पहिल्यांदा कळायचं.

तिचा नवरा इंद्रभान एस.टी.त वाहक होता. तिकिटाची मशीन आली आणि त्याचा जुना पंच निकामी झाला, तो त्यानं घरी आणून खिळ्याला टांगला. निवृत्त झाला तरी बोटांची सवय काही गेली नाही. दूधवाला येऊन गेला की हा कॅलेंडरवर त्या तारखेला पंचनं भोक पाडायचा. गॅस आला, भोक. वीज गेली, भोक. तानाबाई म्हणायची, "भिंतीलेच एक भोक पाडा आता, हवा तरी येईन." त्या पंचाचं आणि माझं कधी जमलं नाही. आवाज तेवढा मोठा, कापणं काहीच नाही.

त्यांची एकच मुलगी, समता. नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, पण जायच्या आदल्याच आठवड्यात तिनं बसस्टँडवरून ओढणीत गुंडाळून एक पिल्लू घरी आणलं. तांबूस अंग, कानांची टोकं काळी. खायला दिसलं की ते पिल्लू आधी स्वतःभोवती गिरक्या घ्यायचं आणि मगच तोंड लावायचं. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. समता गेली, भिंगरी राहिली. पहिल्या दिवशी तानाबाई म्हणाली होती, "कुत्रं-बित्रं मले चालनार नाई." आठ दिवसांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी तिच्या खाली अंथरत होती.

दुपारची जेवणं झाली की तानाबाई दारात बसून सुपारी कातरायची. माझा कट असा आवाज झाला की भिंगरी जिथं असेल तिथून धावत यायची. सुपारी तिला नव्हतीच. खोबऱ्याच्या एका कापावर तिचा हक्क होता. तीन गिरक्या, मग खोबरं. सहा वर्षं असं चाललं. माझ्या आवाजावर कुणीतरी धावत येतं, याचा मला केवढा गर्व होता!

मग गेल्या मार्चमध्ये एका दुपारी मी कट वाजलो आणि कुणीच आलं नाही.

तानाबाईनं पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवलं. मग ती उठली. भिंगरी मोरीजवळच्या गार फरशीवर पडली होती. डोळे उघडे, पण मान उचलत नव्हती. शेजारी लघवी झालेली, काळ्या चहाच्या रंगाची. तानाबाईनं तिचा ओठ वर करून पाहिला आणि ओरडली, "अवो, इकडे या! इच्या तोंडात रंगच नाई राह्यला!" हिरड्या पांढऱ्याफटक होत्या आणि डोळ्यांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या.

शेजारच्या कडूबाचा छोटा टेम्पो आहे. तो चिखलीला हरभऱ्याची पोती घेऊन निघालाच होता. डोकावून म्हणाला, "काकू, कावीळ दिसते. मांगच्या महिन्यात गोचीड झाल्ते ना तिले? ठेवा पोत्यावर, चला." कडूबा तसा टिंगलखोर माणूस. पण त्या दिवशी रस्त्यातला एकेक खड्डा चुकवत त्यानं गाडी नेली.

चिखलीला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, मंजुश्री मॅडम. त्यांनी भिंगरीचं रक्त काढलं, काचेच्या पट्टीवर एक थेंब टाकला, त्यात सलाइनचं पाणी मिसळलं आणि पट्टी हलवली. रक्ताचे बारीक-बारीक गोळे झाले, दूध नासावं तसे. मॅडमचा चेहरा उतरला.

"आजी, रक्त कमी तयार होतंय असं नाही," त्या म्हणाल्या. "हिचंच शरीर हिचं रक्त मारतंय."

"म्हंजे? सोताचं सोताच?"

"हो. शरीरात राखण करणारे असतात ना, बाहेरून रोग आला तर त्याला मारायला? ते बिथरलेत. गोचिडाच्या तापामुळं असेल. त्यांना घरचीच माणसं चोर वाटायला लागलीत."

त्यांनी गोचिडाच्या तापाचं औषध लिहिलं, पोटाची एक गोळी लिहिली, आणि मग एक पांढरी गोळी हातावर ठेवली. बिथरलेल्यांना शांत करणारी ती ही. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी. "आणि हे नीट ऐका. बरी दिसली म्हणून ही गोळी मनानं बंद करायची नाही, मनानं कमीही करायची नाही. मी सांगेन तशी हळूहळू उतरवायची. काही महिने लागतील." इंद्रभाननं मान हलवली. तानाबाईनंही हलवली, पण ती भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. तिच्या कानात किती शिरलं, देव जाणे.

संध्याकाळी घरी अर्ध्या गोळीचा प्रश्न आला. इंद्रभाननं विळीवर गोळी धरली. टण्! एक अर्धी हातात, दुसरी खाटेखाली. दुसरी गोळी घेतली, तिचा भुगा झाला. "राहू द्या, तुम्ही भोकं पाडा," असं म्हणत तानाबाईनं चंची सोडली आणि मला बाहेर काढलं. गरम पाण्यानं धुतलं, पुसलं, माझ्या पात्याखाली गोळी बसवली आणि अलगद दाबलं. कट. बरोब्बर दोन अर्ध्या. जन्मभर सुपारी फोडली मी, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाच्या तरी कामाला आलो.

तेव्हापासून कामं वाटली गेली. तानाबाईनं गोळी कापायची आणि उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात दडवून भिंगरीला चारायची. इंद्रभाननं कॅलेंडरवर दिवसाला दोन भोकं पाडायची. दहा दिवसांत हिरड्यांवर गुलाबी झाक आली. बाराव्या दिवशी माझा आवाज ऐकून भिंगरी धडपडत उठली आणि तिनं एक गिरकी घेतली. एकच, तीही अर्धवट. तानाबाईनं पदरानं डोळे पुसले. दारातून कडूबा ओरडला, "काकू, कुत्री हाये का जावई? रोज अंडं!" तानाबाई म्हणाली, "तू आजारी पड, तुलेबी देतो."

इथवर माझी छाती फुगवून सांगण्यासारखी गोष्ट. पुढची सांगताना जीभ अडखळते, पण सांगतो.

एप्रिल लागला. आमच्याकडचा एप्रिल तुम्हाला ठाऊक असेल. पत्र्याखाली बसवत नाही. भिंगरी दिवसभर जीभ बाहेर काढून धापा टाकायची. भगोनं भरून पाणी पिऊन टाकायची आणि जिथं-तिथं लघवी करायची. सारखी खा-खा सुटलेली, पोट नगाऱ्यासारखं सुटलेलं. तानाबाई तिच्याकडं बघत बसायची. मग एके दिवशी शेजारच्या झुंबरबाईला म्हणाली, "गोळी गरम पडून राह्यली तिले. जळून राह्यलं लेकरू आतून." झुंबरबाईनंही मान डोलावली. आमच्याकडं आंबा गरम, गूळ गरम, इंजेक्शन तर गरम असतंच. मग रोज दीड गोळी या उन्हात गरम पडणार नाही तर काय?

तिनं ताक पाजलं, भिजवलेला सब्जा पाण्यात घालून दिला. धाप थांबेना. मग एका संध्याकाळी तिनं अर्धी गोळी माझ्या पात्याखाली धरली, आणि तिचे पुन्हा दोन तुकडे केले. एक अंड्यात गेला. दुसरा तिनं हळूच चंचीत टाकला, माझ्याच कप्प्यात.

औषध फेकवत नव्हतं तिला. "पानी पडलं, गारवा झाला की देईन," असं पुटपुटली. चार दिवसांनी सकाळच्या आख्ख्या गोळीचीही अर्धी झाली. पुढच्या आठवड्यात संध्याकाळची बंदच झाली. इंद्रभान रोज विचारायचा, "देल्ली का?" ती म्हणायची, "हाव, देल्ली." खोटं नव्हतं ते, काहीतरी दिलंच होतं. आणि तो पंच, मूर्ख कुठला, आनंदानं भोकं पाडत राहायचा.

मला सगळं दिसत होतं. रात्रंदिवस ते पांढरे तुकडे माझ्या अंगाला खेटून पडलेले. ओरडावंसं वाटायचं, पण मी ओरडणार कशानं? एकदा मी मुद्दाम खिळीपाशी अडून बसलो, उघडेचना. तानाबाईनं खोबरेल तेलाचा थेंब सोडला, दोनदा हलवलं, आणि मी गपगुमान उघडलो. माझ्यानं एवढंच झालं. सुपारी असो की गोळी, हातात घेणाऱ्यानं ठरवायचं आणि मी कापायचं.

धाप मात्र कमी झाली हो! तानाबाईला आपलंच खरं वाटलं. चार-पाच दिवस भिंगरी शांत पडून होती, आणि ती शांत आहे याचाच या माउलीला आनंद. ती शांत नव्हती, ती खचत होती. पंधराव्या दिवशी सकाळी उंबरा ओलांडताना तिचे पाय दुमडले आणि ती तिथंच पडली. इंद्रभाननं ओठ वर केला. पुन्हा तोच पांढरा रंग.

पुन्हा कडूबाचा टेम्पो. या वेळी पोती नव्हती. त्यानं रिकामीच गाडी काढली आणि वाटभर टिंगलीचा एक शब्द बोलला नाही.

मंजुश्री मॅडमनी रक्त तपासलं. आकडा पहिल्या वेळेपेक्षाही खाली. त्यांनी विचारलं, "गोळी चुकली का एखाद्या दिवशी?"

इंद्रभान कॅलेंडरच घेऊन आला होता. त्यानं ते उजेडासमोर धरलं. दोन-दोन भोकांतून ऊन आत आलं. "एक बी टायम चुकला नाई मॅडम. पाहा तुम्ही."

मॅडमनी ती भोकं निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "पूर्ण डोस देऊनही रक्त कमी होतंय, म्हणजे हे औषध हिला लागू होत नाही. दुसरं आहे, पण ते जालीम आहे. लिव्हरला बाधतं. हिच्या अंगात आता त्राण नाही, ती सोसेल की नाही मला सांगता येत नाही. तुम्ही दोघं ठरवा."

तानाबाईचा हात कमरेवर आला. तो चंचीच्या गाठीवर थांबला. मी मनात म्हणत होतो, सोड बाई, सोड गाठ. तिनं गाठ सोडली. पानं बाजूला केली, मला बाजूला केलं, आणि सगळे पांढरे तुकडे मॅडमच्या टेबलावर ओतले. अर्धे, पाव, काही भुगा झालेले, एक-दोन चुन्यानं माखलेले.

"औषध लागू हाये मॅडम," ती म्हणाली. "म्याच नाई देल्लं. गरम पडून राह्यलं व्हतं तिले. माह्या हातानं कापलं आन् माह्यापाशी ठेवलं." आणि मग तिला हुंदका आवरेना. "माह्या हातानं मारलं व माय मी तिले."

इंद्रभान त्या तुकड्यांकडं पाहत राहिला. मग त्यानं कॅलेंडरची सुरळी केली आणि खुर्चीखाली ठेवून दिली.

मला वाटलं, आता मॅडम रागावणार. त्या उठल्या, आधी औषधाचं इंजेक्शन भरून भिंगरीला दिलं, मग तानाबाईसमोर स्टूल ओढून बसल्या. "आजी, बरं झालं बोललात. नाहीतर मी आज ते जालीम औषध सुरू केलं असतं. आणि तुम्ही पाहिलं ते खोटं नाही. धाप, तहान, भूक, लघवी, सगळं त्या गोळीनंच होतं. ते मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण गोळी एकदम कमी झाली की ते राखणदार दुप्पट बिथरतात. आता पुन्हा पहिल्यापासून."

"जगन का ती?"

"तीन दिवस जाऊ द्या. मग सांगते."

तीन दिवस दोघं दवाखान्याच्या ओट्यावर बसून होते. तानाबाईनं त्या तीन दिवसांत चंची उघडली नाही. पान नाही, सुपारी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदाच बोलली, "बोला ना काही. शिव्या द्या, पन बोला." इंद्रभान म्हणाला, "काय बोलू? म्या बी नुसते भोकंच पाडले. एकदा तरी तुह्या बाजूले येऊन बसलो असतो." मग त्यानं तिच्यापुढं चहाचा कप सरकवला. अर्धा तिनं घेतला, अर्धा त्यानं.

तिसऱ्या दिवशी भिंगरीनं मान उचलली आणि मॅडमच्या हातातलं अंडं खाल्लं.

घरी आल्यावर तानाबाईनं चंची उलटी करून झटकली. उरलेल्या सुपाऱ्या झुंबरबाईला देऊन टाकल्या. मला राखेनं घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून गोळ्यांच्या डब्यात ठेवलं. म्हणाली, "आता तुह्या तोंडात दुसरं काही नाई जानार." तिच्याही तोंडात मग सुपारी गेली नाही. वीस वर्षांची सवय, समता सांगून-सांगून थकली होती.

उन्हाळाभर भिंगरीसाठी खिडकीला ओलं गोणपाट लागलं. पाण्याची भगोनी दोनाची तीन झाली. दर दोन तासांनी इंद्रभान तिला अंगणात घेऊन जायचा, आणि संध्याकाळी तानाबाई गोळी कापायला बसली की शेजारी येऊन बसायचा; गोळी गिळलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच भोक पाडायचा. आणि तानाबाईचे फोन! "म्याडम, तानाबाई बोलून राह्यली, डोनगाववाली. आज दोनदा शिंकली, काय करू?" एकदा तर विचारलं, "म्याडम, कैरीचं पन्हं म्या पेलं, तिच्यासमोर. चालते ना?"

जूनमध्ये मॅडमनी दीडाची सव्वा केली, मग एक, मग पाऊण. पाऊण कापणं म्हणजे गंमत नाही! तानाबाई चष्मा लावून, श्वास रोखून माझ्यावर बोट टेकवायची. दिवाळी सरता-सरता आम्ही पाव गोळीवर आलो, मग एक दिवसाआड पाव. तो डाळीएवढा तुकडा कापताना तिचा हात हलला नाही आणि माझं पातं सरकलं नाही. आम्ही दोघांनी मिळून चुकवलं होतं, आम्हीच मिळून नीट केलं.

काल चिखलीला रक्त तपासलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, गोळी बंद."

तानाबाई जागची हलली नाही. "बंद म्हंजे?"

"म्हणजे आता द्यायची नाही. दर महिन्याला रक्त दाखवायला आणा, गोचीड होऊ देऊ नका. बस."

"पूर्नच? पावबी नाई?" तिनं इंद्रभानकडं पाहिलं. "तुम्ही ऐकलं ना? म्या नाई म्हनून राह्यली बंद. त्याच म्हनून राह्यल्या." मग पुन्हा मॅडमना, "कागदावर लिहून द्या." मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. जी बाई एकेकाळी मनानं गोळी बंद करून बसली होती, तिला आता सांगूनही ती बंद करवेना.

तर आता माझं काम संपलं. पातं थोडं झिजलंय, खीळ सैल झालीय, सुपारी या घरात येत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो: तुमच्या घरातल्या मुक्या जीवाला औषध चालू असेल, आणि त्याची तळमळ बघवेनाशी झाली, तर ते कापायच्या आधी विचारा. विचारायला तुम्हाला तोंड दिलंय. ज्याला गिळायचंय त्याला विचारता येत नाही, आणि माझं तोंड तर दुसऱ्याच्या हातानंच उघडतं.

आज संध्याकाळी गोळीची वेळ झाली. भिंगरी सवयीनं येऊन तानाबाईपुढं बसली, कान टवकारून. तानाबाईनं अंडं सोललं. डब्याकडं हात गेला, थांबला. मॅडमचा कागद तिनं पुन्हा एकदा इंद्रभानकडून वाचून घेतला. मग तिनं फडकं उलगडलं आणि मला हातात घेतलं. पात्याखाली काहीच नव्हतं. तिनं मला दाबलं.

कट.

भिंगरीनं तीन गिरक्या घेतल्या आणि नुसतं अंडं खाल्लं.